रफिकभाईंच्या कॉम्प्युटरचा ताप

रफिकभाई कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावतात तो तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. आजारी लेकराच्या कपाळाला लावतात तशी. लावतात, डोळे मिटतात आणि गंभीरपणे सांगतात, "गरम हाय." लगेच खोलीतली सगळी माणसं आपोआप हळू बोलू लागतात. मीसुद्धा.

शेलूबाजारात जीपा थांबतात त्या वळणावर, पहिल्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ आहे. आसपासच्या गावांतल्या लग्नांचं शूटिंग आणि त्याचं मिक्सिंग, म्हणजे तुकडे जोडून व्हिडिओ बनवणं, दोन्ही ते एकटेच करतात. खाली जीपवाले घसा फाडून गावांची नावं पुकारत असतात, त्याचं काही नाही. पण वर आलेल्या माणसाने चपला जिन्यातच काढायच्या आणि खोकला आला तर परत जिन्यात जायचं. तयार व्हिडिओ कॉम्प्युटरमधून बाहेर निघायला लागला की रफिकभाई बोट ओठांवर ठेवतात. "हळू. पचून राह्यलं त्याचं."

मी इथल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. एवढ्या गुन्ह्यासाठी मला त्यांचा फोन महिन्यातून चारदा येतो. तक्रार एकच. "सर, हा पठ्ठ्या लय खाऊन राह्यला." पठ्ठ्या म्हणजे मिक्सिंगचं सॉफ्टवेअर आणि खाणं म्हणजे मेमरी. आठ जीबी होती ती सोळा केली, सोळाची बत्तीस. पठ्ठ्याने जेवढी वाढली तेवढी फस्त केली. मग रफिकभाईंनी घरगुती इलाज केले. डबा उघडून समोर टेबलफॅन लावला. स्क्रीनवरचं ताजमहालाचं चित्र काढून टाकलं, कारण "एवढा मोठा दगड कायले उचलाले लावाचा त्याले?" मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते गिळलं.

परवा मात्र फोनवर त्यांचा आवाजच वेगळा होता. "सर, तुमी आत्ताच या."

इंझोरीच्या तुळशीरामभाऊंची आई वारली होती आणि तिची तेरवी उद्यावर आली होती. आता आमच्याकडे तेरवीला टीव्ही लावून गेलेल्या माणसाचं चालतं-बोलतं चित्र दाखवायची पद्धत पडली आहे, आणि ती पाडली रफिकभाईंनीच. कुठल्याही लग्नात नवरानवरी टिपून झाली की त्यांचा कॅमेरा म्हाताऱ्यांकडे वळतो. "जवान पोट्टे सोताले मोबाईलमंदी काढतेतच," ते म्हणतात. "बुढ्याले कोन काढते?" तुळशीरामभाऊंच्या आईची त्यांच्याकडे तीन लग्नांतली मिळून नऊ मिनिटं होती. पैकी एका लग्नात ती पदर दातात धरून बँडसमोर दोन पावलं नाचली होती. तुळशीरामभाऊ तेव्हा पंगतीत वाढत होते. त्यांनी ते पाहिलंच नव्हतं.

ती नऊ मिनिटं बाहेर निघेनात. मी पोचलो तेव्हा सकाळपासून पाचवी खेप चालली होती. मेमरीचा आकडा नव्वद टक्क्यांवर गेला, पंच्याण्णववर गेला. रफिकभाई तसबीचे मणी ओढत होते. अठ्ठ्याण्णववर पडदा पांढरा झाला आणि सगळं थिजलं. ते खुर्चीतून उठले, परत बसले, परत उठले. तेवढ्यात तुळशीरामभाऊंचा फोन आला. रफिकभाईंनी तो उचलला नाही. त्यांना कोणाचा फोन न उचलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सॉफ्टवेअर पुन्हा उघडायला वीस मिनिटं लागली, आणि उघडल्यावर मी कपाळाला हात लावला. साधारण माणूस प्रत्येक लग्नाला नवा प्रोजेक्ट करतो, जशी प्रत्येक विषयाला वेगळी वही. रफिकभाईंनी बारा वर्षांची सगळी लग्नं एकाच प्रोजेक्टमध्ये, एकामागे एक लावली होती. शिवाय 'बुजुर्ग' नावाचा एक कप्पा होता आणि त्यात शेकडो तुकडे. 'इंझोरी, काठीवाली बाई.' 'जऊळका, दोनदा बुंदी मागणारे काका.' नऊ मिनिटांसाठी पठ्ठ्या अख्खी पंचक्रोशी डोक्यावर घेऊन उभा राहत होता.

"रफिकभाई, काहून असं केलं? नवा प्रोजेक्ट करा, त्यात फक्त या आजीले घ्या. हा जुना बंद करून टाका. पाच मिनिटाचं काम हाय."

"बंद नाई कराचा."

"अहो, पन काहून?"

"आत्ताच वीस मिनिटं घेतले त्यानं. अन् पुन्हा उघडला नाई तं?"

त्यांच्या कपाळावर घाम होता. मी थोडं वजन कमी करावं म्हणून यादी चाळू लागलो. सगळ्यात वर एक बिननावाचा तुकडा होता, चार सेकंदांचा. लावून पाहिला. मांडवाचा कोपरा, सगळं हललेलं. मग बाजूने एक हात आला. मनगटात दोन हिरव्या बांगड्या, बोटांत जर्द्याचा, गोड पिवळ्या भाताचा, घास. घास सरळ कॅमेऱ्याकडे आला, जरा वर गेला आणि संपलं.

"हा तं बिघडला दिसते," मी म्हणालो आणि डिलीटच्या बटणावर बोट नेलं.

रफिकभाईंनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"अम्मी हाय ते."

खालून जीपवाल्याची हाक आली. ती संपेपर्यंत ते थांबले.

"बहिणीचं लग्न व्हतं. क्यामेरा माह्याच हातात. अम्मी म्हने, पयले पाहुन्याइले घे, घरच्याइचं मंग पाहू. सकायपासून मी जेवलो नोतो. तं आली अन् घास भरवून गेली. क्यामेरा तिच्याकडं फिरवाची मले यादच नाई राह्यली. त्याच साली गेली." ते पडद्याकडे बघत होते. "फोटू हाय, आधार कार्डावरचा. हालते ते एवढंच."

बारा वर्षं हा माणूस गावोगावच्या म्हाताऱ्या का टिपत होता, ते मला कळलं आणि मला माझीच लाज वाटली. मेमरीच्या गप्पा मारणारा मी, एक बटण दाबून मोकळा होणार होतो.

फोन परत वाजला. तुळशीरामभाऊच. रफिकभाईंनी तो वाजू दिला, मग मला म्हणाले, "करा बंद. त्याइची माय उद्या आली पायजे."

मी बंद केलं नाही. आधी तो चार सेकंदांचा तुकडा त्यांच्या पेनड्राइव्हवर घेतला, मग माझ्या, मग दोघांच्या मोबाईलवर. प्रत्येक ठिकाणी त्यांनी तो एकदा लावून पाहिला. चौथ्यांदा हात दिसला तेव्हा म्हणाले, "करा आता."

नव्या प्रोजेक्टमध्ये आकडा वीसच्या पुढे गेला नाही. चहा गार व्हायच्या आत नऊ मिनिटं बाहेर निघाली. रफिकभाईंनी तुळशीरामभाऊंना फोन लावला. "निघालं भाऊ. नाचून राह्यली तुमची माय. या, घेऊन जा."

मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. कितीतरी महिन्यांनी. पंखा थांबला. खोली इतकी शांत झाली की मला खोकायची भीती वाटली. रफिकभाईंनी हाताची मागची बाजू डब्याला लावली. डबा गार झाला तरी त्यांनी हात काढला नाही.