बाविस्कर सरांची फेरी

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, इस्त्रीचा शर्ट घालून आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून, मी आमच्या बँकेच्या उधना शाखेच्या दाराबाहेर दहा मिनिटं उभा होतो. शिक्षा म्हणून. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारत होतं, "साहेब, बँक बंद छे?" मी म्हणत होतो, "ना, चालू छे." "तो तमे बहार केम उभा छो?" याचं उत्तर मला गुजरातीत सुचलं नाही आणि मराठीतही.

शिक्षा देणारे गृहस्थ दाराच्या आतल्या बाजूला हातात छत्री घेऊन माझ्याकडे पाहत होते. हे बाविस्कर सर. यांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. त्या सकाळी ते सव्वादहाला शाखेत आले, मी दहा पंचवीसला पोचलो, आणि त्यांनी दारातच हात आडवा धरला. "धापा टाकतोयस. दम जाऊ दे, मग आत ये." मी निमूट उभा राहिलो. मला दोन मुलं आहेत, हाताखाली चार माणसं आहेत, पण पाय आपोआप जुळले ते जुळलेच.

सरांविषयी सांगायची पहिली गोष्ट म्हणजे ते बसत नाहीत. वर्गात त्यांच्या खुर्चीवर डस्टर बसायचं. शिक्षकांच्या खोलीत ते खिडकीशी उभं राहून चहा प्यायचे. उंच, वाळके, पांढरा बुशशर्ट, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि बारा महिने छत्री. त्यांच्याकडे पाहिलं तरी आपण काहीतरी विसरून आलोय असं वाटायचं. अजून वाटतं.

आमची शाळा उधन्यातली मुलांची मराठी शाळा. सगळी पोरं खानदेशातून या गुजराती मुलखात आलेल्या लूम कामगारांची. बापाची बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. त्यामुळे पोरगं शाळेत गेलं की नाही हे बघायला बाप घरात जागा कधी असणार. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला आम्ही 'खातं' म्हणायचो. कुणी खात्यात बॉबीन भरायला जायचा, कुणी तापीवर पोहायला. बाकीचे मास्तर गैरहजेरी मांडायचे आणि धडा पुढे न्यायचे. बाविस्कर सरांना ते जमत नसे. मधली सुट्टी झाली की ते सायकल काढायचे आणि गैरहजर पोराच्या घरी जायचे.

सरांनी कुणाला कधी मारलं नाही. मार परवडला असता. सर पोराला सायकलच्या कॅरिअरवर बसवायचे आणि सगळ्या गल्ल्यांतून मुद्दाम सावकाश शाळेत आणायचे. नळावरच्या बाया विचारायच्या, "कोना पोऱ्या शे हाऊ?" आणि सर सायकल थांबवून पोराच्या बापाचं पूर्ण नाव सांगायचे.

नववीत असताना मी एकदा पोटात दुखतंय म्हणून घरी राहिलो. सर आले. बाप रात्रपाळी करून झोपला होता. आई म्हणाली, "उठाडू का?" सर म्हणाले, "नको. मला घाई नाही." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते दारात तासभर उभे राहिले. आईने तीनदा चहा केला, तीनही उभ्यानेच घेतले. मी पोट धरून गोधडीत पडलेलो, आणि त्या तासाभरात माझं पोट खरोखरच दुखायला लागलं. बाप उठला, तसे सर माझ्याकडे वळले. "हं. कारण सांग, गोष्ट सांगू नको." हे दुसरं ठेवणीतलं वाक्य. मी सांगून टाकलं, की गणितं सुटली नाहीत म्हणून आलो नाही. "बस मागे," सर म्हणाले.

एकदा तर ते थेट खात्यात शिरले. चार पोरं तिथे बॉबीन भरताहेत असा त्यांना सुगावा लागला होता. लूमच्या खडखडाटात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, तिथे सरांनी मधोमध उभं राहून हजेरी घेतली. चार नावं पुकारली आणि पाच जण "हजर सर" म्हणाले. पाचवा मिशीवाला कारागीर होता, सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने लूम बंद करून हात वर केला होता.

आखाजी जवळ आली की सरांची झोप उडायची. तो आमचा खानदेशी लोकांचा मोठा सण, अख्खं उधना गावाकडे जायला निघायचं, आणि तो नेमका परीक्षेच्या तोंडावर यायचा. सर उधना स्टेशनवर उभे राहायचे. अडवायचे नाहीत. भुसावळच्या गाडीच्या खिडकी-खिडकीतून एकेकाच्या हातात दहा-दहा गणितांचा कागद द्यायचे. सणाच्या पुरणपोळ्या आम्ही वर्गमुळं काढत खाल्ल्या.

असे हे सर निवृत्त झाले आणि बारा वर्षं घरी राहिले. आम्ही भेटायला जायचो, दिवाळीला नाहीतर गुरुपौर्णिमेला. मग दोन वर्षांपूर्वी ते एकाएकी घराबाहेर पडले आणि आमची तपासणी करत फिरू लागले. रोज सकाळी एक विद्यार्थी. आज मी, उद्या पलसाण्याच्या डाइंग मिलमधला रंगारी मास्तर धनराज, परवा लूमचं खातं चालवणारा रव्या. सर येणार, घड्याळ बघणार, नखं बघणार, आईबापाची चौकशी करणार, जाणार. पाणीही न पिता.

पहिल्यांदा गंमत वाटली. तिसऱ्यांदा घाम फुटला. धनराज डाय कालवत होता, हात कोपरापर्यंत जांभळे. सरांनी सगळ्या मिलसमोर विचारलं, "हे हात घेऊन जेवतोस?" आणि वर सांगितलं, "उद्या पालकांना घेऊन ये." धनराजचा बाप अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. धनराजने खरंच त्याला रिक्षात घालून सरांच्या घरी नेलं. दोघे म्हातारे दोन तास बोलत बसले, म्हणजे एक बसला आणि एक उभा राहिला, आणि धनराजचा अर्धा दिवस बुडाला.

आमचे मॅनेजर देसाईभाई आधी हसायचे. नंतर सरांनी त्यांनाही एकदा उशिरा येताना गाठलं. तेव्हापासून तेच मला फोन करून सांगायचे, "तमारा सर आवी गया, जलदी आवो." आम्ही दहावी 'ब'चा एक ग्रुप काढला, फोनवर, फक्त सरांची खबर द्यायला. 'सर निघाले.' 'सर पुलाखाली दिसले.' 'आज कोणाचा नंबर?' चाळिशी ओलांडलेले तेवीस पुरुष रोज सकाळी एका म्हाताऱ्याला घाबरून फोन चाचपत होते.

मग रव्याच्या सुपीक डोक्यातून युक्ती निघाली. "सरांचा सत्कार करू," तो म्हणाला. "आपल्या लोकांत एकदा सत्कार झाला की माणूस गप घरी बसतो. आमच्या समाजाच्या अध्यक्षांचं बघ. सत्कार झाला, पुन्हा मीटिंगला दिसले नाहीत." आम्हा सगळ्यांना ते एकदम पटलं. म्हणजे बघा, गुरूला घालवायला आम्ही गुरूचा गौरव काढला.

उधन्यातला हॉल घेतला. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि भेट म्हणून एक भलीमोठी आरामखुर्ची, मागे रेललं की पाय आपोआप वर येतात अशी. रव्याने भाषण केलं. "सरांनी आयुष्यभर आमच्यासाठी पायपीट केली. आता सरांनी बसावं. आम्ही मोठे झालो, आमची काळजी आता सोडावी." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच. सगळ्यांच्या आग्रहाखातर सर त्या खुर्चीत बसले. तीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. पाय वर आले तसे त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. उत्तराच्या भाषणाला माणूस तासभर घेईल म्हणून आम्ही जेवण उशिरा सांगितलं होतं. सर माइकसमोर आले, म्हणाले, "ठीक आहे," आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवसापासून फेरी बंद. 'सुंठीवाचून खोकला गेला,' धनराजने ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांनी खाली वर केलेले अंगठे टाकले.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात मला चैन पडेना. सव्वादहा झाले की नजर दाराकडे जायची. काच हलली की मी अर्धा उठायचो, बघतो तर कोणी पासबुक छापायला आलेला. देसाईभाईंनी दोनदा विचारलं, "सर बीमार तो नथी ने?" मी म्हटलं, नाही, सत्कार केलाय. हे बोलताना मला स्वतःचाच राग आला. मग एक दिवस कळलं की रव्याचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन तो घरीही आला, आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नाही. एरवी असल्या बातम्या सर आणायचे. नखं बघता बघता सांगायचे, "त्याच्या आईला बरं नाही, जाऊन ये." ग्रुपवर तेवीस जण होते आणि कोणाला कोणाचं काही माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी धनराजचा फोन आला. "सर उनात का तुनाकडे?"

"नाही."

"मनाकडे बी नही. सोळा दिवस झायात." मग म्हणाला, "आपन चुकनूत भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या घरी गेलो. रेल्वे लाइनमागे दोन खोल्यांचं घर. दार उघडंच होतं. सर पांढरा बुशशर्ट, बूट, सगळं घालून खिडकीशी उभे. आरामखुर्ची कोपऱ्यात, तिच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

"सर, फेरी का बंद केलीत?"

"तुम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलंत, आता बसा. एकट्याने सांगितलं असतं तर ऐकलं नसतं."

मी म्हटलं, "सर, उन्हातान्हाचा तुम्हाला त्रास होतो, म्हणून आम्ही..."

"कारण सांग, गोष्ट सांगू नको."

मी खाली बघितलं. "आम्हाला लाज वाटायची, सर. चारचौघांत."

"हं," सर म्हणाले. रागावले नाहीत.

फळीवर सरांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, फोटो होता, समोर समई. काकू गेल्या तेव्हा आम्ही सगळे खांदा द्यायला होतो. दोन वर्षं झाली त्याला. सर पहिल्यांदा बँकेत आले ते काकूंच्या तेराव्यानंतर दोनच दिवसांनी. हा हिशेब तेवीस जणांत कुणालाही करता आला नव्हता, आणि आम्ही सगळे सरांकडे गणित शिकलेले.

"आम्हाला मूलबाळ नाही, तुला माहीत आहे," सर फोटोकडे न बघता म्हणाले. "शाळेतून आलो की तिचा एकच प्रश्न. आज कोन ऊना नही? मी नाव सांगायचो. मग का नाही आला, घरी कोण आहे, जेवला का, सगळं. काही सांगता आलं नाही तर म्हणायची, जाऊन बघून या. मी सायकल काढायचो ती तिच्या धाकाने. तुम्हाला वाटायचं मीच कडक."

"आणि निवृत्तीनंतर?"

"तेव्हा दिवसभर दोघं घरातच. सांगायला काय असणार. ती गेल्यावर पुन्हा दिवसभर वेगळे झालो. संध्याकाळी दिवा लावला की मला ऐकू येतं, आज कोण? काहीतरी सांगावं लागतं रे."

मी विचारलं, "मग हल्ली काय सांगता?"

"सगळे हजर, म्हणतो." सर जरासे हसले. "तिला पटत नाही. सगळे कधी हजर असतात का?"

भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. मी म्हणालो, "सर, आज मी गैरहजर आहे."

सरांनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं, आणि त्यांची मान ताठ झाली. "काबर रे? का गैरहजर?" म्हणत त्यांनी दाराआडची छत्री काढली. "चल. पुढे हो."

भर अकराच्या उन्हात उधना रोडने त्यांनी मला बँकेपर्यंत चालत नेलं. पूर्ण रस्ताभर ते बोलत होते, मी "हो सर" म्हणत होतो. शाखेत शिरताच देसाईभाई तोंड उघडून म्हणणार होते की तमे तो आजे रजा पर छो, पण मी सरांच्या पाठीमागून हात जोडले आणि ते शहाणा माणूस, गप्प बसले. रजा मी आदल्या रात्रीच फोनवर मंजूर करून घेतली होती. तो दिवस मी पूर्ण काम केलं.

संध्याकाळी ग्रुपवर सगळं लिहिलं. जमेल तसं लिहिलं. शेवटी लिहिलं, की काकूंना सांगायला रोज एक नाव पाहिजे.

मग धनराजचं उत्तर आलं. 'उद्या मी गैरहजर.'

त्याच्याखाली रव्याने लिहिलं, 'परवा मी.'