डाव्या गुडघ्याचं अपील

फौजीकाकांच्या डाव्या गुडघ्याची फेरतपासणी अखेर ठरली, तेव्हा काकूंना आनंद होण्याऐवजी संतापच आला. "आता आठवण झाली होय यांना?" असं म्हणून त्यांनी तपासणीचं बोलावणं भाजी चिरायच्या फळीखाली सारलं.

काका सैन्यात पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. लढाईच्या दिवसांत एका नदीवर पूल टाकताना लोखंडी तुळई निसटली आणि नेमकी त्यांच्या गुडघ्यावर बसली. त्या धामधुमीत कोणी नोंद केली नाही. काकांनीही तक्रार केली नाही, कारण तक्रार करणं हे त्यांच्या मते भित्र्यांचं काम होतं. निवृत्तीनंतर गुडघा वाकेनासा झाला. सेवेतली इजा मान्य झाली की लष्करी इस्पितळात शस्त्रक्रिया होते, म्हणून त्यांनी दावा केला. निकाल आला: 'गुडघा निर्दोष. तक्रार वयोमानाची.'

"वयोमानाची?" काका कडाडले. "मग उजवा गुडघा काय माझ्यामागून जन्मला?" आणि त्यांनी अपील ठोकलं. शस्त्रक्रिया काकूंना हवी होती. काकांना हवं होतं ते एवढंच, की गुडघा नोकरीत गेला, म्हातारपणानं नाही, हे कोणीतरी जबाबदार माणसानं कबूल करावं.

मग सुरू झालं वाट पाहणं. चौकशीला गेलं की 'विचाराधीन आहे' असं उत्तर मिळे. कोणाच्या विचाराधीन, ते कळत नसे. फाइल एकदा दुसऱ्या इमारतीत गेली आणि तिथून पाटबंधारे खात्यात, कारण तिच्यात नदीचा आणि पुलाचा उल्लेख होता. तिथल्या लोकांनी पुलाची पाहणी करून तो सुस्थितीत असल्याचं कळवलं. फाइल परत आली तोवर तिच्यातला काकांचा फोटो जुना झाला होता. नवा दिला, यथावकाश तोही जुना झाला. पहिल्या फोटोत केस काळे होते, दुसऱ्यात पांढरे, आणि तिसऱ्यात केसांचा प्रश्नच मिटला होता.

तपासणीच्या दिवशी काकूंनी घरातून निघतानाच बजावलं. "हे बघा, तिथं शौर्य दाखवायचं नाही. दुखतंय तर दुखतंय म्हणायचं."

"हो."

"घरी कण्हता तसं कण्हायचं."

"मी कधी कण्हत नाही."

"मग रात्रभर कोण कण्हतं? मी?"

कार्यालयाची लिफ्ट बंद होती. काका कठडा धरून एकेक पायरी चढले. काकू मागून लिफ्टला, खात्याला आणि स्वतःच्या नशिबाला बोल लावत होत्या. वर कारकून हसतमुखानं सामोरा आला. नोकरीला लागल्यापासून ही फाइल त्याच्याच टेबलावर येऊन-जाऊन होती, त्यामुळे तो काकांना घरच्यासारखाच झाला होता.

"बसा काका. डॉक्टर येतायत. काळजी करू नका, भला माणूस आहे."

काका पाय लांब करून बाकावर बसले. काकूंनी कोपरानं ढोसल्यावर त्यांनी चेहऱ्यावर थोडी वेदनाही आणली. सगळं अगदी ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

तेवढ्यात दार उघडून डॉक्टर आत आले आणि घात झाला. डॉक्टर गणवेशात होते, आणि त्यांच्या खांद्यावर अधिकाऱ्याच्या फिती होत्या.

काका कधी उठले ते शेजारी बसलेल्या काकूंनाही कळलं नाही. डावा पाय वर गेला आणि खाडकन फरशीवर आपटला. छाती पुढे, नजर समोर, हात कपाळाशी. कारकुनाच्या टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरला.

"वा!" डॉक्टर खूश झाले. "याला म्हणतात सावधान. हल्लीच्या पोरांना कुठं जमतंय?" आणि खुर्चीत बसता बसता त्यांनी लिहूनही टाकलं, 'सावधान स्थितीत निर्दोष उभे राहतात.' खाली झोकदार सही केली.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो साहेब, त्यांच्या उभं राहण्यावर जाऊ नका. पाय दुखतो हो त्यांचा."

"बघू या ना. विश्राम," डॉक्टर म्हणाले.

काका हलले नाहीत.

"विश्राम. अहो, पुरे झाली शिस्त. बसा आता निवांत."

काका तसेच ताठ. फक्त त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. "साहेब," ते ओठ न हलवता म्हणाले, "हुकूम पाळता येत नाही. माफी असावी."

"म्हणजे?"

"गुडघा अडकलाय."

मग डॉक्टर, कारकून आणि काकू यांनी मिळून काकांना कपाट हलवावं तसं उचललं आणि टेबलावर आडवं केलं. डॉक्टरांनी गुडघा चाचपला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, हा तर कामातून गेलाय."

"तेच सांगतोय आम्ही," काकू म्हणाल्या, "यांना केस होते तेव्हापासून."

"पण मी तर निर्दोष लिहून बसलो."

"मग खोडा की."

"सही झाली ना."

कारकुनाचा चेहरा मात्र एकदम उजळला. "साहेब, मग तर कामच झालं. कार्यालयाच्या आवारात कोणाला इजा झाली की शस्त्रक्रिया लगेच मंजूर होते. वाट बघायची भानगडच नाही. फक्त आत येताना गुडघा चांगला होता, एवढं दाखवावं लागतं."

"आणि ते कसं दाखवायचं?" काकूंनी विचारलं.

"आपलाच निकाल आहे ना, गुडघा निर्दोष! वर साहेबांचा हा कागद. याहून भक्कम पुरावा कुठला? काकांनी फक्त त्या निकालावरचं अपील मागं घ्यायचं."

काका पडल्या पडल्या लालबुंद झाले. "म्हणजे हा गुडघा तुमच्या फरशीवर मोडला, असं मी लिहून देऊ? पूल बांधलाय मी! त्यावरून आमची माणसं जिवंत परत आली."

"खरंय काका. पण पुलाचं अपील अजून चालेल."

"किती?"

"मी निवृत्त व्हायच्या आत नक्की लागेल निकाल," कारकून मनापासून म्हणाला. त्याच्या मिशा अजून काळ्याभोर होत्या.

"खोटं लिहून देणार नाही," काकांनी जाहीर केलं आणि ते भिंतीकडे बघू लागले.

आता काकू तोंडाचा पट्टा सोडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्या जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तुम्ही लढलात, सगळं कबूल. पण रोज सकाळी तुमच्या पायात मोजे मी घालते, खाली बसून. आता मला खाली बसलं की उठवत नाही. कोणाला सांगू मी?"

काकांनी मान वळवून काकूंच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी कारकुनाकडे पेन मागितलं.

मंजुरी इतकी झटपट आली की काकूंना ती बनावट वाटली. शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई खाटेजवळ आल्या. त्या जरा घोटाळ्यात पडल्या होत्या.

"काका, कागदावर कार्यालयात झालेली इजा म्हणून लिहिलंय. पण आतलं हाड फार पूर्वीच मोडलेलं होतं. तुमच्या तरुणपणी कधीतरी जबर वजन पडलंय त्यावर. लोखंडबिखंड. वयाचा काही संबंध नाही याच्यात. तसं लिहू का अहवालात?"

तसं लिहिलं, की कार्यालयातली इजा खोटी आणि सगळं मुसळ केरात. पण काकूंनी मधे न पडता काकांकडे पाहिलं. हे एक वाक्य ऐकायला काकांनी जन्म घालवला होता, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

काका छताकडे बघत राहिले. "लिहू नका," शेवटी ते म्हणाले. "फक्त परत एकदा म्हणा. जरा मोठ्यानं."

डॉक्टरीणबाईंनी म्हटलं. शेजारच्या खाटांवरच्या माणसांनीही माना वळवून ऐकलं. काकांनी डोळे मिटून घेतले, तरी पापण्यांतून पाणी वाहायचं ते वाहिलंच.

"एवढंच हवं होतं?" काकू पदरानं त्यांचे डोळे पुसत करवादल्या. "मग मी घरीच रोज म्हटलं असतं की."