तीन टक्के चिंता

लोकशाहीत माणसाला घर मिळण्याआधी त्याच्यापाशी चिंता असावी लागते, आणि ती नोंदवलेली असावी लागते. न नोंदवलेल्या चिंतेला शासन स्वभाव म्हणतं, आणि स्वभावाला औषध नसतं.

हे तत्त्व सर्वांत आधी ओळखलं ते नेवाडाच्या वाळवंटातल्या मेसा सेरेना शहरानं, आणि त्याबद्दल त्या शहराचं करावं तेवढं कौतुक थोडंच. परवडणारी घरं कुठं बांधायची हा प्रश्न इतर शहरं गरज बघून सोडवतात. गरज ही फार ढोबळ गोष्ट आहे. ती कुणालाही असू शकते. मेसा सेरेनानं त्याऐवजी 'गृहचिंता निर्देशांक' काढला. निवडणुकीच्या तोंडावर दारोदार जाऊन मतदारांना विचारायचं, घराबद्दल तुम्हाला किती चिंता वाटते? ज्या वस्तीची चिंता सर्वांत जास्त, त्या वस्तीत घरं. चिंता कसली, हा प्रश्न मुद्दामच ठेवला नव्हता. (तो खासगी आयुष्यात हस्तक्षेप ठरला असता.)

त्या वर्षी लॅटिनो मतदारांची चिंता विशेष मोलाची होती. दर दोन वर्षांनी सप्टेंबर लागला की ती मोलाची होते आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा भाव उतरतो. दोन्ही पक्षांनी घरोघरी पत्रकं टाकली. दोन्ही पत्रकांवर एकाच आजीचा फोटो होता. आजी बोलिव्हियाची होती आणि तिच्यामागे लामा, म्हणजे तिकडचा लांब मानेचा लोकरीचा प्राणी, उभा होता. मेसा सेरेनातले लॅटिनो बहुतांशी मेक्सिकोचे, थोडे साल्वादोरचे. त्यांतल्या बऱ्याच जणांनी लामा पहिल्यांदा त्या पत्रकावरच पाहिला. तरी भावना पोचल्या.

एल ओआसिस नावाच्या ट्रेलर पार्कात सतरा नंबरला दोन्या ओतिलिया साम्ब्रानो राहत. (दोन्या हा वयाचा मान आहे; तो मिळायला बाकी काही लागत नाही.) ट्रेलर त्यांच्या मालकीचा, खालची जमीन दुसऱ्याची. ती जमीन उन्हाळ्यात एका कंपनीनं घेतली आणि अत्यंत प्रेमळ शब्दांत कळवलं की जानेवारीअखेर सर्वांनी आपापली घरं घेऊन जावं. यात अन्याय काहीच नव्हता, घरांना चाकं होती. फक्त ती चाकं शेवटची फिरली होती सत्त्याऐंशी साली, आणि त्यानंतर त्यांच्याभोवती एक न्हाणी, एक ओसरी आणि एक डाळिंबाचं झाड झालं होतं.

शहर साठ घरं बांधणार होतं. एल ओआसिसच्या कुंपणाला लागूनच जुन्या उघड्या सिनेमाचं मैदान रिकामं पडलं होतं. दोन्या ओतिलियांना साठातलं एकच घर हवं होतं, तेही तळमजल्याचं. सव्वीस वर्षं कसिनोच्या हॉटेलातल्या न्हाण्या घासून त्यांचा डावा गुडघा निवृत्त झाला होता. बाकीचं शरीर अजून कामावर जात होतं.

पाहणीला आलेल्या तरुणाचं नाव ब्रायन ओंतिवेरोस. राज्यशास्त्राचा पदवीधर, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.

"ये ये, मिहो, उन्हात काय उभा राहिलास?" दोन्या ओतिलियांनी दार सताड उघडलं. जगातली सगळी पोरं त्यांची मिहोच, म्हणजे बाळच.

"मॅडम, फक्त पाच प्रश्न—"

"प्रश्न कुठं पळून चाललेत? आधी बस. पोसोले गरम आहे."

इथं एक रिवाज नमूद करणं आवश्यक आहे. या लोकांत पाहुण्यापुढं आपलं रडगाणं गाणं म्हणजे 'चला, उठा आता' म्हणण्यासारखंच. कुणी कसं काय विचारलं, की 'देवाच्या कृपेनं ठीक' म्हणायचं. दोन्या ओतिलियांचे यजमान गेले, त्या दिवशी दारात आलेल्या पहिल्या माणसालाही त्या हेच म्हणाल्या होत्या, आणि मग त्याला कॉफी देऊन आत जाऊन रडल्या होत्या.

"घराबद्दल चिंता वाटते का?" ब्रायननं पोसोलेच्या रश्श्यातले मक्याचे दाणे चावत विचारलं.

"छे रे! डोक्यावर छप्पर आहे, देवाची कृपा."

"महिन्याचा खर्च भागतो?"

"भागतो की. तिखट कमी पडलंय का?"

"महिन्याअखेरीस घरात अन्न कमी पडतं असं कधी होतं?"

हा प्रश्न विचारताना ब्रायनचं तिसरं वाडगं चालू होतं. त्यानं 'नाही' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

निकाल लागला. एल ओआसिसची गृहचिंता, तीन टक्के. हे तीनही टक्के बावीस नंबरच्या फाबियानचे होते. फाबियान अर्जेंटिनाचा. तो सूर्य पश्चिमेला मावळतो याबद्दलही तक्रार करतो, त्यामुळे वस्तीत त्याला कुणी जेवायला बोलवत नसे.

याउलट गोल्फच्या मैदानावरच्या टेकडीवर, सिएरा रेआल नावाच्या वस्तीत, ब्रायनला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. साहजिकच प्रश्नांना भरपूर वेळ मिळाला. गृहचिंता सत्त्याण्णव टक्के. जवळ स्वस्त घरं झाली तर आपल्या घरांच्या किमती पडतील, ही. पण कसली ते विचारायचं नव्हतंच.

ही बातमी घेऊन दोन्या ओतिलियांची मुलगी यादिरा आली. ती दंतवैद्याच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, त्यामुळे लोकांनी तोंड उघडावं असं तिला मनापासून वाटतं.

"आई, काय सांगितलंस तू त्याला?"

"काय सांगणार? पोरगं जेवत होतं."

"जानेवारीत तुला रस्त्यावर काढणार आहेत, हे नाही सांगितलंस?"

"जेवताना?"

यादिराला ते पटलं. तीही याच घरात वाढली होती.

यादिरानं केलेला फेरपाहणीचा अर्ज मंजूर झाला. (नाकारणारा कारकून रजेवर होता.) आता वस्तीला तक्रार करायला शिकवणं भाग होतं आणि ती विद्या अवगत असलेला माणूस एकच होता. अशा रीतीनं ज्या फाबियानला गेली अकरा वर्षं लोक टाळत होते, त्याच्या घरी शिष्टमंडळ गेलं. फाबियाननं उशीर केल्याबद्दल तक्रार केली आणि पद स्वीकारलं.

शिबिर धुलाईच्या खोलीत भरलं.

"आधी उसासा," फाबियान म्हणाला. "नाकातून नाही, छातीतून. डोळे छताकडे. हं, चायो, तुम्ही."

चायो म्हणजे दोन्या ओतिलियांची कोमाद्रे. एकमेकींची मुलं त्यांनी बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलेली. तिनं उसासा टाकला आणि म्हणाली, "फाबियान, तुझी बायको का पळून गेली ते आज कळलं बघ मला."

"उत्तम! जोर आहे. पण हे माझ्याबद्दल झालं, घराबद्दल बोला. दोन्या ओतिलिया?"

"जागेचं भाडं दोनदा वाढलं," दोन्या ओतिलिया भिंतीकडे बघत म्हणाल्या. "आता जागाच जाणार. पण ठीक आहे, देव बघतोय—"

"'पण' नको! 'पण' आला की दहा टक्के गेले!"

"अरे, मग देवाला वाईट नाही का वाटणार?"

"देव पाहणीला येत नाही!" फाबियान ओरडला. "तो आला असता तर मी त्याच्याशीही बोललो असतो."

दोन आठवड्यांत प्रगती समाधानकारक झाली. साल्वादोरची एक बाई तर इतकी तयार झाली, की तिच्या नवऱ्यानं शिबिर बंद करायची विनंती केली. शेवटी पुढील नियम एकमतानं ठरले:

एक, पाहुण्याला 'या' म्हणावं, 'या या' म्हणू नये.
दोन, हसू आल्यास गुडघ्याचा विचार करावा.
तीन, फेरपाहणीच्या दिवशी वस्तीतली सगळी पातेली फाबियानच्या घरात कुलपात ठेवावीत. (तिथं आपखुशीनं कुणी जात नाही.)

ठरल्या दिवशी ब्रायन आला. दोन्या ओतिलिया एकदाच 'ये' म्हणाल्या आणि त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं. त्यांनी छातीतून उसासा टाकला. चायो खिडकीबाहेरून ऐकत होती. तिनं मान डोलावली.

"घराबद्दल चिंता वाटते का?"

"वाटते," दोन्या ओतिलिया म्हणाल्या. "फार वाटते."

ब्रायननं लिहिलं नाही. त्यानं टॅब पालथा ठेवला आणि म्हणाला, "मलापण."

घरमालकानं त्याचं भाडं एकदम वाढवलं होतं. तीन आठवडे तो गाडीत झोपत होता आणि व्यायामशाळेत अंघोळ करत होता. पदवीसाठी त्यानं लिहिलेल्या प्रबंधाचा विषय 'परवडणारी घरं' हाच होता. प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला होता.

या परिस्थितीची तरतूद नियमांत नव्हती. पाहुण्यापुढं रडायचं एक वेळ जमवलं होतं, पण रडणाऱ्या पाहुण्यापुढं? दोन्या ओतिलियांनी एक क्षण छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अरे, होईल रे सगळं ठीक. देव आहे ना. हा सोफा बघ, उघडला की पलंग होतो. कुणी झोपतच नाही त्यावर."

"कोमाद्रे!" खिडकीतून चायो कळवळली.

"तू काय ऐकत बसलीस? जा, फाबियानकडून पातेलं आण माझं!"

ब्रायन प्रामाणिक होता. (शिक्षणाचा हा एक तोटा.) पोटभर जेवल्यावर त्यानं रकाने भरले. चिंता: सुरुवातीला तीव्र, नंतर मावळली. आशावाद: उच्च. अतिरिक्त निवारा: एक सोफा. पाहणीच्या पगारात भाडं भागत नसल्यामुळे ब्रायन धरून पाहणी करणारे सातही जण थोड्याफार फरकानं गाडीतच राहत होते, आणि एल ओआसिसच्या प्रत्येक घरात थोड्याफार फरकानं हेच घडलं. एकूण अडतीस सोफे निघाले. अहवालात लिहिलं गेलं, 'शहराच्या दक्षिण भागात लॅटिनो कुटुंबांकडे निवाऱ्याचा सुप्त साठा आढळून आला आहे.' गृहचिंता तीन टक्क्यांवर कायम राहिली. फाबियाननं ती एकट्यानं टिकवून धरली होती.

निर्देशांकाप्रमाणे साठ घरं टेकडीला मंजूर झाली. ती मंजूर होताच टेकडीची चिंता सत्त्याण्णववरून एकशे चाळीस टक्क्यांवर गेली. (आधी जे चिंता करत नव्हते ते करू लागले आणि जे करत होते त्यांनी परदेशातल्या मुलांनाही करायला लावली.) चिंता वाढली म्हणून नियमानुसार आणखी साठ घरं मंजूर करावी लागली, तेव्हा ती एकशे नव्वदवर पोचली. मग सल्लागार नेमण्यात आले. त्यांनी चार महिन्यांचं काम नऊ दिवसांत संपवून निष्कर्ष काढला: घरं ठरल्यानं चिंता वाढते, सबब घरं न बांधल्यानं ती कमी होईल. त्यानुसार टेकडीवर एकशे वीस घरं न बांधण्याचा प्रस्ताव तयार झाला. त्यासाठी जागा आखली गेली, नकाशे झाले, आणि न बांधलेल्या घरांच्या दर्जावर देखरेख ठेवायला एक अभियंता नेमला गेला.

प्रस्तावावरच्या जाहीर सुनावणीत कुणालाही दोन मिनिटं बोलता येत होतं. दोन्या ओतिलियांनी चर्चला जाताना घालायचा निळा झगा घातला. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की टेकडीवर घरं बांधायची नसतील, तर ती न बांधलेली घरं इकडे मैदानात बांधता येतील का?

त्या माइकपाशी उभ्या राहिल्या. नगराध्यक्षा बाई अगत्याच्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "नमस्कार दोन्या. कशा आहात?"

एल ओआसिसच्या दोन रांगा माइककडे झुकल्या. तिसऱ्या रांगेतून फाबियाननं आठवण म्हणून छातीतून उसासा टाकला.

"देवाच्या कृपेनं ठीक," दोन्या ओतिलिया म्हणाल्या. "तुम्ही कशा आहात?"

आणि मग, चायो अजूनही सांगते, त्या बोलल्या. "एकतीस जानेवारीला माझं घर जाणार. ते हललं की मोडणार, सगळ्यांना माहीत आहे. मला साठ नकोत, एक पाहिजे. तळमजल्याचं. मी या शहराच्या न्हाण्या घासल्यात, मत दिलंय, कर भरलाय. मला भीती वाटते. रात्री झोप येत नाही मला." त्यात एकही 'पण' नव्हता. फाबियान ढसाढसा रडला आणि नंतर सभागृहातल्या खुर्च्यांबद्दल तक्रार करून सावरला.

नगराध्यक्षा गहिवरल्या. त्यांनी चिटणीसाला विचारलं, नोंद झाली का? झाली होती. प्रश्न, 'कशा आहात?' उत्तर, 'ठीक.' एका प्रश्नाला पहिलं उत्तरच ग्राह्य धरायचं असा नियम आहे. बाकीचं 'इतर अभिप्राय' या सदरात गेलं. ते सदर फार सुंदर आहे, आणि ते कुणीतरी वाचावं अशी शिफारस सल्लागारांनी केली आहे.

प्रस्ताव मंजूर झाला. टेकडीची चिंता चार टक्क्यांवर आली. एका गृहनिर्माण योजनेनं एवढा दिलासा दिल्याचं दुसरं उदाहरण नाही. निवडणुकीत दोन्ही पक्षांनी लॅटिनो मतदारांचा विश्वास आपणच जिंकल्याचं जाहीर केलं. एकतीस जानेवारीला सतरा नंबरचा ट्रेलर उचलला, तेव्हा तो क्रेनच्या पट्ट्यात मधोमध मोडला. दोन्या ओतिलिया यादिराच्या दोन खोल्यांत गेल्या. त्यांच्याबरोबर सोफा गेला आणि सोफ्याबरोबर ब्रायन.

राहता राहिलं जुन्या सिनेमाचं मैदान. त्याचं काय करावं हे शहरानं परस्पर ठरवलं नाही, लोकांना विचारलं. ज्यांच्या खिडकीतून मैदान दिसतं, त्या सर्वांना पत्र गेलं. एल ओआसिसला उंच कुंपण असल्यामुळे तिथून मैदान दिसत नसे. टेकडीवरून फार छान दिसतं.

टेकडीवरची माणसं वाईट नाहीत. गरिबांना स्वस्त घरं मिळावीत असं त्यांच्यातल्या एक्याण्णव टक्क्यांना मनापासून वाटतं. हे सगळं वाचून त्यांनाही तुमच्याइतकंच वाईट वाटलं असतं.

तुमच्या इमारतीशेजारी एखादा मोकळा प्लॉट असेलच. तिथं काय व्हावं असं तुम्हाला वाटतं? (घाई नाही. घरात विचारून सांगा.)

बाग?

हो. त्यांनीही बागच लिहिलं होतं.