दाऊदभाईंची दुसरी स्लाइड

दाऊदभाई परकार नव्या माणसाला नाव, गाव, पगार यातलं काही विचारायचे नाहीत. हात हातात घ्यायचे, चष्म्याच्या वरून डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "जांभळा की तांबडा, ता धुतल्यावर कळंल."

मी सांगलीहून कुवेतला नोकरीला आलो, तेव्हा हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॅबमध्ये माझं स्वागत याच वाक्यानं झालं. मला वाटलं, म्हाताऱ्याचा एखादा स्क्रू ढिला असणार. होताच म्हणा. पण त्या खिडकी नसलेल्या खोलीत, ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात, मराठी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. मग ढिला तर ढिला, त्याच स्क्रूशी मी गप्पा मारायला लागलो.

प्रकार असा होता. आमच्या लॅबमध्ये पेशंटचा नमुना काचेच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर घेतात. त्यावर जांभळा रंग ओततात आणि मग स्पिरिटनं धुतात. काही जंतू धुतल्यावरही जांभळा रंग घट्ट धरून बसतात. काही सोडून देतात, त्यांना मग तांबडा रंग देतात. जंतू जांभळा निघाला की तांबडा, यावरून डॉक्टर औषधाचा अंदाज बांधतो. ही युक्ती डेन्मार्कच्या एका डॉक्टरनं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी शोधली. पद्धतीला त्याचंच नाव आहे आणि आमच्या लॅबमध्ये ते दिवसभर घेतलं जातं. दाऊदभाईंनी मात्र ते कधी तोंडातून काढलं नाही.

"वडीलधाऱ्या माणसाला नावानं हाक मारतात काय रे?" ते मलाच दटावायचे. मग त्यांनी त्याला आपल्या पद्धतीनं आडनाव दिलं होतं: डेन्मार्ककर. चिपळूणचे चिपळूणकर, तसे डेन्मार्कचे डेन्मार्ककर!

सगळं जग त्यांनी या दोन रंगांत वाटून टाकलं होतं. कॅन्टीनचा मल्याळी मॅनेजर जांभळा. हवल्लीत ज्याच्या इमारतीत ते राहायचे तो घरमालक तांबडा, "पहिल्याच धुण्यात उतरला." माझ्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "तुझी स्लाइड वाळतेय अजून." चांगली चार वर्षं वाळत होती माझी स्लाइड!

चहाच्या वेळी ते डेन्मार्ककरांचं चरित्र सांगायचे. असं सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस गुहागरच्या पुढच्या गावचा आहे. "आधी झाडपाल्यातला पोरगा. वनस्पती शिकला. मग डॉक्टर झाला. मग गेला बर्लिनला, आणि न्युमोनियानं मेलेल्या माणसांची फुप्फुसं तपासत बसला. आता सांग, घरदार सोडून परमुलखात मुडद्यांजवळ कोण बसंल? पण बसला. तिथं त्याला हा रंग गावला. दुसरा कोण असता तर ढोल बडवत फिरला असता. ह्यानं काय लिवला? लिवला, की माझी पद्धत अपुरी हाय, हिच्यात खोट हाय, कोणी सुधारली तर बरा होईल."

"मग पुढं?"

"पुढं काय! जंतू सोडले, कोपनहेगनला परत गेला, औषधांचा प्रोफेसर झाला. पेशंट तपासले, पोरं शिकवली. पण खोट कबूल केली रे त्यानं. सोताच्या तोंडानं कबूल केली." इथं दरवेळी त्यांचा आवाज भिजायचा आणि मी जांभई दाबायचो. परदेशी माणसाच्या नम्रपणाचं किती कौतुक करायचं, त्यालाही काही मर्यादा असते.

तर हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दाऊदभाईंना एक खोड होती आणि ती त्यांच्या मुळावर आली. प्रत्येक नमुन्याच्या ते दोन स्लाइड करायचे. पहिली कितीही स्वच्छ दिसो, दुसरी वेगळी घ्यायची, वेगळी रंगवायची, हातानं धुवायची आणि दोन्ही जुळल्या तरच सही करायची. कोपऱ्यात रंगवायचं मशीन लाखाचं, पण त्याच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. रिपोर्टला उशीर व्हायचा. आमच्या हेड म्हणजे एक इजिप्शियन डॉक्टरबाई. त्या दारातूनच घाई करत ओरडायच्या, "दाऊद! वन इज इनफ! यल्ला!"

"यस, दकतोरा," म्हणत दाऊदभाई दुसरी काच उचलायचे.

त्यांची साठी उलटलेली. कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी बाईंच्या शिफारशीवर वाढायचं. कॉन्ट्रॅक्ट गेलं की इकामा गेला, आणि राहण्याचा तो परवाना गेला की थेट विमान. बाईंनी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं: आणखी एकदा तातडीचा रिपोर्ट लटकला, तर शिफारस नाही.

मला वाटलं, बरंच झालं की! चिपळूणला मुलानं घर बांधलंय, बोलावतोय. "अहो, काय ठेवलंय इथं?" मी म्हणायचो. "अंगाची लाही करणारं ऊन, तोंडात धूळ, आणि खोलीच्या खिडकीसमोर शेजाऱ्याचा एसी गरम वारा मारतोय."

"मना हयंच ऱ्हायचाय," एवढंच बोलायचे. कशासाठी, ते सांगायचे नाहीत.

"मग एका स्लाइडवर सही करा आणि राहा ना सुखानं!"

"ता नाय जमायचा."

आता या माणसापुढे डोकं आपटायचं की काय करायचं, तुम्हीच सांगा.

शेवटी व्हायचं ते झालंच. त्या दिवशी बाहेर धुळीचं वादळ होतं. वरून आयसीयूतून एका बाईच्या पाठीतलं पाणी तपासायला आलं. मेंदूज्वराचा संशय. फोनवर फोन सुरू झाले. हेडबाई स्वतः येऊन दाऊदभाईंच्या मागे उभ्या राहिल्या. पहिली स्लाइड तांबडी, अगदी स्पष्ट. कोणीही तिथंच फोन उचलला असता. दाऊदभाईंनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

"दाऊद! रिपोर्ट!"

त्यांनी मान वळवली नाही. दुसरीही तांबडीच निघाली. फरक काहीच नव्हता, नुसता उशीर झाला होता. बाई ओरडल्या नाहीत. "खलास, दाऊद," एवढंच हळू म्हणाल्या आणि निघून गेल्या. बाईंचं तरी काय चुकलं? वर एक जीव तडफडत होता.

जायच्या आदल्या शुक्रवारी सकाळी ते म्हणाले, "गाडी काढशील?" मला वाटलं, नातवंडांसाठी चॉकलेटं आणि अत्तराची खरेदी असणार. ते मला सुलैबिखातच्या कबरस्तानात घेऊन गेले. नजर पोचेल तिथवर रेती आणि रेतीत खोचलेले बुटके दगड. एका दगडापाशी ते गुडघे धरून बसले.

"ही जुलेखा," ते म्हणाले. "तुझी वहिनी."

तेव्हा मला कळलं. बायकोला असाच ताप भरला होता, याच हॉस्पिटलात. ड्यूटीवर दाऊदभाई एकटेच. तिचा नमुना त्यांनीच रंगवला. लक्ष सगळं तिच्याकडे, स्पिरिट जास्त वेळ राहिलं, आणि जांभळा रंग धुऊन गेला. त्यांनी तांबडा म्हणून रिपोर्ट दिला. चूक दुसऱ्या दिवशी कळली. त्यानंतर ती फार तगली नाही.

"डॉक्टर बोलले, दोनी जंतूंवरची औषधं पहिल्यापासनं चालू होती, तुझ्या रिपोर्टानं काय फरक पडला नाय. खरा असंल ता. पण सही माझी होती."

या कबरीजवळ राहता यावं म्हणून या माणसाला ती नोकरी हवी होती, आणि ती घालवली कोणासाठी, तर नाव-गाव ठाऊक नसलेल्या बाईसाठी. मला रागच आला. "दाऊदभाई, त्या दिवशी एका स्लाइडवर गप्प बसला असतात, तर राहिला असतात हो इथं!"

"आणि शुक्रवारी हिच्यासमोर कंच्या तोंडानं येऊन बसलो असतो?"

मी खाली वाकून दगडावरची रेती पुसली.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "अधनंमधनं येशील हिच्याकडं? तुना दुवा मागायला येत नाय, माहीत हाय मना. नुसता उभा ऱ्हा. काय तरी बोल. फकस्त मोठ्यानं बोल, तिला कमी ऐकायला यायचा."

दाऊदभाई गेले. चिपळूणला पोचल्याचा त्यांचा फोन आला. पुढच्या शुक्रवारी मी कबरस्तानात गेलो, दगड शोधून काढला आणि उन्हात नुसता उभा राहिलो. इकडेतिकडे पाहिलं. लांब एक बंगाली कामगार रेती सारखी करत होता, बाकी कोणी नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "दाऊदभाई सुखरूप पोचले. जेवण वेळेवर घेतात म्हणाले."

कामगारानं मान वर करून पाहिलं. बघू दे, म्हटलं. आणि तेच परत एकदा, घसा ताणून सांगितलं.