सासूबाई आणि दुसरी गोळी

माझ्या सासूबाई कोणतीही गोष्ट दोनदा सांगत नाहीत. ऐकलीत तर ऐकलीत, नाहीतर गेली. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत त्यांनी मला मोदकाच्या उकडीला पाणी किती घ्यायचं ते सांगितलं, तेव्हा नेमका मिक्सर चालू होता. तेव्हापासून मी उकड अंदाजाने करते.

सुईत दोरा एकाच फटक्यात ओवायचा. मीठ एकदाच घालायचं. आमटीची चव बघून वर पुन्हा मीठ भुरभुरवणारी बाई त्यांच्या लेखी संसाराला नालायक. मस्कतला आल्या की मी त्यांना अल मवालेहच्या भाजी मार्केटात नेते. तिथे त्या भेंडीवाल्याला एक भाव सांगतात आणि चालू लागतात. तो बिचारा 'अम्मा, नहीं परवडता' म्हणेपर्यंत त्या कलिंगडांपाशी पोचलेल्या असतात. मग तो पिशवी भरून मागून धावत येतो. मी त्या मार्केटात वर्षानुवर्षं घासाघीस करते आहे, माझ्यामागे अजून कुणी धावलेलं नाही.

या सगळ्या स्वभावाचं मूळ एका बंदुकीत आहे.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळतो. सासऱ्यांकडे ठासणीची बंदूक होती. ते गेल्यावर परवाना सासूबाईंनी स्वतःच्या नावावर करून घेतला. मुलगा मस्कतला, मुलगी बडोद्याला आणि भातात रानडुकरं, तेव्हा करणार काय? ठासणीची बंदूक म्हणजे नळीत दारू ओता, चिंधी कोंबा, छर्रे घाला, गजाने ठासा आणि मग उडवा. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. तोवर डुक्कर शेजारच्या वाडीत जेवून परत येतं. म्हणून पहिला बारच खरा.

"दुसरी गोळी आसा म्हटल्यार पयली फुकट जाता," असं त्या म्हणतात. हे एक वाक्य मात्र मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे. कदाचित प्रत्येक वेळी समोरचा माणूस नवा असतो म्हणून असेल.

आमची रेवा तेव्हा दहावीत होती. संगणकावरच्या खेळात ती दणादण बंदुका चालवायची. तिने एकदा आजीला विचारलं, "आजी, तुझ्या गनमध्ये मॅगझिन किती राउंडचं आहे?"

"म्हणजे काय ता?"

"म्हणजे गोळ्यांचा बॉक्स. एकदम तीस गोळ्या. संपल्या की रीलोड."

"डबो?" सासूबाई खो खो हसल्या. "गो बाय, डब्यात फरसाण ठेवतत."

मग चौदा साली विधानसभेची निवडणूक आली. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. सासूबाईंनी ती जमा केली खरी, पण ठाण्यातल्या हवालदाराला सुनावून आल्या. "भात पिकाक इला की तुमका निवडणुको सुचतत. डुकरांका आचारसंहिता लागता काय रे?"

सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ही संधी साधली. बंदूक ठाण्यात आहे तोवर आई मोकळी आहे, असा हिशेब करून त्याने गणपती विसर्जनानंतर तिला व्हिजिट व्हिसावर मस्कतला आणलं. आठवडाभर लाड केले. मग एका दुपारी जेवताना मनातलं बाहेर काढलं.

"आई, आता इथेच राहा. व्हिसाचं मी बघतो. बंदूक राहू दे ठाण्यातच. परवाना परत करून टाकू."

सासूबाई माशाचे काटे काढत राहिल्या.

"सत्तरी उलटली तुझी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. चहाचा कप धरलास की बशीत सांडतो. बंदूक काय धरणार तू? कुणाला लागलं-बिगलं तर?"

"माझो नेम आसा," त्या म्हणाल्या.

"होता. आता नाही."

"लागलो तर?"

सुधीर हसला. मस्कतमध्ये, वातानुकूलित हॉलमध्ये, पापलेट पुढ्यात असताना माणसाला असं हसता येतं. "लागू दे. तुझा नेम लागला तर मी स्वतः तिकीट काढून देतो. शब्द माझा."

सासूबाईंनी ताटातला शेवटचा काटा बाजूला काढला आणि विषय संपवला. सुधीरला वाटलं, आपण जिंकलो. मला तसं वाटलं नाही, पण मी त्या दोघांच्या मध्ये पडत नाही. मला सकाळी बौशरला ऑफिस गाठायचं असतं.

आमचे घरमालक हिलाल. चाळिशी ओलांडलेले, हसरे, हिंदी सिनेमांवर पोसलेलं झकास हिंदी बोलणारे. बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला सगळ्यांना रुस्ताककडच्या त्यांच्या गावी बोलावलं. खड्ड्यात पुरून भाजलेलं मांस त्या दिवशी बाहेर काढतात, ते खायला. आणि जेवणाआधी, ते सहज म्हणाले, पुरुषांची नेमबाजी असते, मजा येते.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नेमबाजी म्हणालो ना तो?"

"हो."

"बरा," त्या म्हणाल्या आणि ठेवणीतली जांभळी नऊवारी काढली.

गावात पोचल्यावर आम्हा बायकांना आतल्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत बसवलं. वेलदोड्याच्या कडू कॉफीचा कावा आला, हलवा आला. हिलालची बायको आणि बहिणी अतिशय प्रेमळ होत्या. सासूबाईंनी एक पेला कावा प्यायला. तेवढ्यात बाहेर बार झाला. सासूबाईंचे कान टवकारले. पाठोपाठ धडाधड आणखी बार झाले.

"ह्यो कोण शिमगो करता?" असं म्हणून त्या उठल्या आणि चालू लागल्या. त्यांना थांबवायला मी मागे, रेवा माझ्यामागे, आणि आम्हाला थांबवायला की गंमत बघायला, कोण जाणे, हिलालच्या बहिणीही मागे. त्या मात्र अंगणाच्या भिंतीपाशी थांबल्या.

खजुरांच्या बागेपलीकडे वादीचं, म्हणजे तिथल्या ओढ्याचं, कोरडं पात्र होतं. समोरच्या डोंगराच्या पायथ्याला दगडांच्या राशीवर पांढऱ्या टाइलचे तुकडे उभे केले होते. अलीकडे चटईवर पुरुष बसले होते, त्यांत सुधीरही. जांभळ्या नऊवारीतली आई येताना पाहून त्याच्या हातातला खजूर तोंडापर्यंत पोचलाच नाही.

मध्यभागी हिलालचे वडील होते, सैफबाबा. पांढरी दाढी, हातात काठी, मांडीवर माणसाच्या उंचीला आलेली जुनी बंदूक. तिच्यात एका वेळी एकच गोळी बसते. हिलालच्या शिकारी रायफलीत पाचांचा डबा. आणि हिलालचा धाकटा भाऊ मुहन्नद, इंजिनिअरिंगला असलेला, त्याच्याकडे हलकी, चकचकीत, लहान गोळीची रायफल, डबा दहाचा. मघाचा शिमगा त्याचाच होता. दहांपैकी तीन टाइल फुटल्या होत्या.

बापलेकांचं भांडण चालू होतं. हिलाल हसत हसत आम्हाला हिंदीत सांगत होते. बाबांचं म्हणणं, डबा आला आणि नेम गेला. मुहन्नदचं म्हणणं, स्पर्धेत वेळ मोजतात, बाबा अजून उंटाच्या जमान्यात आहेत.

"और आप?" मी हिलालना विचारलं.

"मैं बीच में फँसा हूँ, सिस्टर. पाँच गोली. एक निशाना, चार माफी."

सैफबाबांनी सासूबाईंकडे निरखून पाहिलं. तरुणपणी ते खजूर घेऊन गलबतातून मुंबईला जात. त्या काळची हिंदी अजून त्यांच्या जिभेवर होती. "तुम बंबई?"

"नाय. कोकण." सासूबाईंनी त्यांच्या मांडीवरच्या बंदुकीकडे बोट दाखवलं. "माझ्याकडे पण आसा. एकाच बाराची. दुसरी गोळी आसा म्हटल्यार पयली फुकट जाता."

मी हिंदी केलं, हिलालनी अरबी केलं. बाबांनी ते ऐकलं आणि काठी जमिनीवर अशी आपटली की चटईवरचे पेले हलले. मग ते मुहन्नदकडे वळून जे काही बोलले, त्याचं भाषांतर करायला हिलालनी नकार दिला.

मुहन्नद रागावला नाही. तो सासूबाईंसमोर गुडघ्यांवर बसला आणि इंग्रजीत शांतपणे म्हणाला, "आजींना सांगा, माझे आजोबा शिकार करायचे. आता शिकार बंद आहे, आम्ही टाइलच मारतो. पण तेव्हा एकच गोळी असायची आणि ती नीट बसली नाही तर? जनावर जखमी होऊन पळायचं आणि डोंगरात तडफडत मरायचं. दुसरी गोळी आळशाची नसते. ती दयेची असते."

मी मराठीत सांगितलं.   सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हात पुढे केला.

"तुझी बंदूक दी."

सुधीर उठला. "आई, काहीतरीच काय!"

"शब्द दिलंस ना?"

"तो घरात... जेवताना..."

"जेवताना दिलेलो शब्द उष्टो आसता काय रे?"

हिलालनी बाबांकडे पाहिलं. घर बाबांचं, हुकूम बाबांचा. बाबा म्हणाले, "यल्ला." म्हणजे, होऊन जाऊ दे.

मुहन्नदने रायफल आणली. सासूबाईंनी ती उलटसुलट पाहिली. खाली लावलेल्या डब्यावर बोट ठेवलं. "ह्यो डबो काढ आधी."

त्याने डबा काढला. "एकच गोळी घाल." त्याने हाताने एक गोळी आत सरकवली आणि त्यांच्या बाजूलाच बसून राहिला, रायफलीपासून हातभर अंतरावर. सासूबाईंनी खजुराचं एक भरलेलं पोतं पुढे ओढायला लावलं, त्यावर नळी टेकवली आणि पदराचा बोळा करून खांद्याशी कोंबला. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला.

सुधीर कळवळला. "आई, चष्मा!"

"लांबचा माका बरा दिसता. जवळचाच दिसत नाय."

हात थरथरत होते. सुधीरचं म्हणणं खरं होतं. बोटांपासून कोपरापर्यंत थरथरत होते.  बाबांनी काठी आडवी ठेवली. सासूबाईंनी श्वास घेतला, अर्धा सोडला, आणि उरलेला जसा काही गहाण ठेवला. थरथर थांबली. मला वाटतं, त्या क्षणी त्यांचं सगळंच थांबलं होतं.

बार झाला. मधली टाइल फुटली.

भिंतीपलीकडून बायकांचा जो आवाज उठला, जीभ हलवून काढतात तो लांब, थरारता जल्लोष, तसा मी आमच्या कुठल्याही लग्नात ऐकलेला नाही. सैफबाबा काठीचा आधार घेऊन उभे राहिले. रेवा नाचत ओरडत होती, "आजी! वन शॉट! वन शॉट!" आणि मुहन्नद, दहाच्या डब्याचा मालक, पुढे झाला आणि त्याने सासूबाईंच्या मस्तकाचं चुंबन घेतलं. तिथे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला असा मान देतात.

"आणखी एक?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी रायफल त्याच्या हातात दिली. "खलास," त्या म्हणाल्या. मुक्कामात शिकलेला त्यांचा पहिला अरबी शब्द. मग त्याच्या गालावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "तू बोललंस ता खरा."

जेवताना बाबांनी स्वतःच्या हाताने मांसाचा सगळ्यात मऊ तुकडा काढून सासूबाईंच्या पानात वाढायला पाठवला. सुधीरच्या पानात काय पडलं ते त्याने पाहिलंही नसावं.

परतीच्या रस्त्यावर तो गाडी चालवत होता. सासूबाई मागे माझ्या शेजारी बसल्या होत्या. रेवा पुढे बसून मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सगळ्या मैत्रिणींना पाठवत होती.

शेवटी सुधीर म्हणाला, "तिकीट काढतो. शब्द दिलाय. पण आई, तू जखमी डुकराच्या तावडीत सापडलीस तर काय करू मी इथे बसून?"

"मी डुकर मारणंय नाय."

"म्हणजे?"

त्या बाहेर बघत होत्या. "तुजे बाबा गेले त्या वर्सा एक मादी मारलंय. बसली नाय गोळी बरी. रानात गेली ती. मागसून तिची पिलां आमच्या भाताच्या कुणग्यात फिरत हुती. तो पोरगो बोललो ना, तसाच झाला." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तेवापासून वर मारतंय. आभाळात."

 रेवाने मोबाइल खाली ठेवला.

"मग बंदूक कशाला हवी?" सुधीरने विचारलं. आता आवाजात वाद नव्हता.

"वरच्या घरात भागी आसा. तिचे सगळे मुंबैक. वाडीत आता आमी दोघीच." भागी म्हणजे त्यांची चुलत जाऊ, हे मला ठाऊक होतं. दोघी आता एकट्या आहेत, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. "तिका डोळ्यांनी दिसणा नाय. माका तिची घाटी चढाक जमणा नाय. तिनसांजेक मी बार काढलंय की तिका समाजता, मी, तिची शालू, जिती आसा. मगे ती कवाड लावून पेज जेवता. आता बंदूक ठाण्यात. ती बसान आसतली कान लावून."

मी पर्समधून मोबाइल काढला आणि तिथेच विमानाची वेळ बघायला लागले. निकालानंतर लगेच बंदुका परत देतात, हे हवालदाराने सांगितलं होतं. भागीकाकूंकडे फोन असेल तर निरोपही देता येईल, असं म्हणत मी नंबर विचारला. फोन वाडीखालच्या वाण्याकडे होता, तो पोरगा पाठवून तिला सांगतो, असं सासूबाई म्हणाल्या.

सुधीरला मात्र अजून एक गोष्ट सुटत नव्हती. इंजिनिअर आहे तो. आरशातून मागे बघत म्हणाला, "पण आई, आभाळातच मारायचं, तर नेम लागो न लागो, काय फरक पडतो? एवढं सगळं कशासाठी केलंस?"

सासूबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"नेम तुमका व्हयो होतो, झिला," त्या म्हणाल्या. "तिका नुसतो आवाज व्हयो."