डोंबे सरांचे सात कोटी

आमच्या शेजारचे डोंबे सर धूळ बसलेली गाडी दिसली की थांबतात. गाडी कुणाची, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. मागच्या काचेवर ते बोटाने लिहितात, ७३९३९१३३. मग जो तावडीत सापडेल त्याला विचारतात, "कशानं भाग जाईल, सांगा बरं?"

कशानेच जात नाही. सर जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेत, त्यांना हे पक्कं ठाऊक आहे. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणी भागू शकत नाही. पण सरांचा जीव जडलाय पुढच्या गमतीवर. उजवीकडचा शेवटचा आकडा ते पुसतात, उरली तीही मूळ. आणखी एक पुसतात, तीही मूळ. असं करत ७३ राहतात, शेवटी नुसता ७, तरी मूळच.

"अशा जातीची सगळ्यात मोठी हीच!" सर सांगतात. "उजवीकडं अजून एक आकडा जोडून दाखवा. बिघडलीच म्हणून समजा!"

जिंतूरच्या स्टँडवर एकदा निम्मे आकडे पुसून होतात न होतात तोच गाडी सुटली. सर "थांबा, थांबा!" करत फाटकापर्यंत पळाले. कंडक्टरने प्रवासी समजून गाडी थांबवली. सरांनी उरलेले आकडे पुसले आणि म्हणाले, "हं, जाऊ द्या आता." कंडक्टर काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इथवर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, सुलभाला, बघायला वालूरचे पाहुणे आले. मुलगा शिक्षक, स्वभावाने गरीब. सुलभाला तो आवडला होता, माझ्या बायकोजवळ ती तसं बोललीही. पोहे झाले आणि सरांनी मुलाला तीच संख्या घातली. मुलाला घाम फुटला.

"तीनानं जाईल," तो म्हणाला.

"आकड्यांची बेरीज अडतीस! तीनानं कशी जाईल?" सर उठून उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी नकार कळवला. मी म्हटलं, "सर, त्याला संसार करायचाय, भागाकार नाही." ऐकतील तर शपथ. पुढची स्थळंही अशीच आली आणि गेली. सुलभा इथेच शाळेत शिकवू लागली. बापाशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

परवा सरांबरोबर बाजारातून येताना तोच वालूरचा मुलगा भेटला. कडेवर लहान पोरगी. वाकून सरांच्या पाया पडला.

"सर, अडतीसच येती बेरीज. घाबरलो होतो बगा. गाडीत बसल्या बसल्या ध्यानात आलं, पन परत यायची लाज वाटली."

सरांनी पोरीच्या गालावरून हात फिरवला. पुढे गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

"पोरगं चांगलं हाय, हे काय मला कळत न्हवतं? तो तीन म्हणला ना, तवा मला लय बरं वाटलं. सुलभाची माय गेल्यापासून घरात आमी दोघंच. ही पन गेली असती, तर…"

खरं तर मला राग यायला हवा होता, पण वाटलं ते वाईटच.

दारात सुलभा उभी होती. "अप्पा, किती उशीर! पाय धुऊन घ्या, वाढते."

"तू जेवलीस का?" सरांनी विचारलं.

"तुमच्याबिगर कदी जेवलेय का मी?" ती हसली आणि आत गेली.

सर मान खाली घालून कितीतरी वेळ पायच धूत राहिले.