सांडपाणी बाहेर जाते

गावच्या तलावाचे रक्षण ही प्रत्येकाची जबाबदारी असते, आणि प्रत्येकाची असल्यामुळेच ती कुणी एकट्याने उचलून इतरांचा हक्क मारू नये. या तत्त्वावर शेंदूरजनाघाटच्या अलीकडच्या आमच्या गावात तलाव संरक्षण समिती स्थापन झाली. सदस्य एक्केचाळीस. अध्यक्ष उत्तमराव, संत्र्याचे मोठे बागाईतदार. सचिव मी. (अक्षर बरे आहे म्हणून.)

पहिल्या वर्षी समितीने सहा रॅल्या काढल्या, चारदा शपथ घेतली आणि तलावाभोवती मानवी साखळी केली. (पश्चिमेला साखळी जरा तुटक होती. तिकडे वास फार येतो.) स्वच्छतेचा फलक वाऱ्याने उडून तलावात पडला, तेव्हा तो काढण्यासाठी तत्परतेने उपसमिती नेमली. एवढे करूनही मासे सहकार्य करीनात.

मैनाबाईचे घर या तलावातल्या मासळीवर चालते. एका बाजारच्या दिवशी ती भरली टोपली घेऊनच परत आली. गिऱ्हाइकाने मासा हुंगून खाली ठेवला होता. "बाई, याले साबनाचा वास येते." पुढच्या आठवड्यात मेलेले मासे काठाला लागले. त्यातला एक उचलून ती थेट सभेत आली.

"गावचा नाला तलावात सोडला हाये, भाऊ. तो बंद करा. मासे मरून राह्यले."

उत्तमरावांनी सूचनेबद्दल तिचे आभार मानले आणि सर्वेक्षण लावले. 'सांडपाणी कुठे जाते?' या रकान्यात दोनशे बारापैकी दोनशे नऊ घरांनी 'बाहेर' असे लिहिले. उरलेल्या तिघांनी रकाना कोरा ठेवला. यावरून समितीने निष्कर्ष काढला की तलाव बाहेरचे लोक घाण करतात.

हा अहवाल मी स्वतः मैनाबाईला वाचून दाखवला. ती जाळ्याची गाठ सोडवत ऐकत होती. गाठ सुटल्यावर म्हणाली, "मंग आता मीच पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि शेजारची हलीमाबी (हिच्या बकऱ्या तलावाचे पाणी पितात) नाल्याच्या तोंडाशी गेल्या. सेहेचाळीस पोती माती भरून त्यांनी तोंड बुजवले. दुपारी पाणी गल्लीत फिरले. संध्याकाळी उत्तमरावांच्या अंगणात घोट्याइतके झाले. वर साबणाचा फेस आणि कुणाच्या तरी घरचा भात तरंगत होता.

उत्तमराव धोतर सावरत आले. दोघी पोत्यांवर बसल्या होत्या.

"मैना, हे काय करून राह्यली तू?"

"काई नाई, भाऊ. तुमचं पानी तुमच्याजवळ ठेवून राह्यली."

"पोती काढ. नाईतर मी पोलिसात जातो."

"जा ना. सांगजा त्यायले, माह्यं पानी माह्याच दारात आलं म्हनून."

उत्तमरावांनी पोती मोजली. मग परत गेले. हे सगळे मैनाबाईने मला पुढे सांगितले. इतिवृत्तात ते घेतलेले नाही.

त्या दिवशीची तातडीची सभा विटांवर उभे राहून झाली. ठराव सात मिनिटांत, एकमताने. प्रत्येक घरामागे न्हाणीचे पाणी जिरवणारा शोषखड्डा. पहिला उत्तमरावांनी खणला. (नेतृत्वगुण.) सतरा दिवसांत दोनशे तीन झाले, उरलेल्या नऊ घरांनी पाणी परसातल्या भाजीला वळवले. माझा खड्डा मी स्वतः खणला आणि दोन दिवस मला लिहिता आले नाही.

यंदा मैनाबाईची टोपली बाजारातून रिकामी परत येते. वार्षिक अहवालात या यशाचे श्रेय रॅल्यांना दिले आहे. तिला सदस्य करून घ्यायचे ठरले होते, पण ती म्हणाली, "मले टाईम नाई."

वाचकहो, हे वाचताना तुम्हाला तुमच्या गावची नदी किंवा तलाव आठवला असेल, आणि आपल्याकडेही अशी एखादी मैनाबाई हवी, असे मनापासून वाटले असेल. असे वाटणाऱ्यांसाठी आमच्या समितीत अजून एक जागा शिल्लक आहे.